बोर्ड वाळला की दोष सापडत नाही : संशोधन मान्यता समितीला एक खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
संशोधन मान्यता समिती, इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी.

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाशीही माझं भांडण नाही. शिवाय अशी समिती प्रत्येक विद्यापीठात असते, आणि तिच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर फायली मांडीवर घेऊन बसलेली माझ्यासारखी माणसंही प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांनीही हे वाचावं म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या महिन्यात माझा सिनॉप्सिस, म्हणजे पीएच.डी.च्या विषयाचा आराखडा, तिसऱ्यांदा परत आला. शेऱ्याच्या रकान्यात पाच शब्द होते : 'नावीन्य नाही. विषय बदलून आणावा.' खाली सही, तारीख. तिन्ही वेळा मिळून मला तुमच्यासमोर बोलायला पंचवीस मिनिटंही मिळाली नसतील, म्हणून जे तिथं सांगता आलं नाही ते इथं सांगते.

मी भोसरीच्या एमआयडीसीत १७ वर्षं पीसीबीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रातल्या सर्किट बोर्डांच्या, धंद्यात आहे. सुरुवातीची आठ वर्षं बेअर, म्हणजे अजून भाग न बसवलेले, बोर्ड बनवणाऱ्या युनिटमध्ये काढली. ड्रिलिंग, प्लेटिंग, एचिंग, मास्क, सगळीकडे उभी राहिले. एचिंगच्या अमोनियाचा वास अंगाला इतका बसला होता की बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. नंतर असेंब्लीत, म्हणजे बोर्डावर भाग बसवायच्या कामात, आले, आणि आता क्वालिटीत फील्ड रिटर्न बघते. म्हणजे गिऱ्हाइकाकडून नादुरुस्त होऊन आलेले बोर्ड उघडायचे, कारण शोधायचं, रिपोर्ट लिहायचा. पीएच.डी.ला अर्धवेळ प्रवेश घेतला तो पदोन्नतीसाठी नाही. आमच्याकडं पीएच.डी.ला पगारवाढ नाही. एक प्रश्न कित्येक वर्षं टेबलावर पडून आहे आणि त्याला मला उत्तर हवं आहे, एवढंच.

तो प्रश्न असा. जून लागला की आमच्याकडं मोबाईल स्टार्टरचे बोर्ड परत यायला लागतात. मोबाईल स्टार्टर म्हणजे शेतकऱ्यानं घरबसल्या फोन लावून विहिरीवरची मोटार चालू करायचं यंत्र. आमच्या गावी, सांगली जिल्ह्यात, भावाच्या मोटारीवरही तेच आहे. खोके उघडले की आत माती, मुंग्या, कधी पालीची अंडी. बोर्ड पुसतो, सप्लायला लावतो, आणि तो चालतो! दोन दिवस सलग चालवून बघितला तरी चालतो. मग चिठ्ठीवर 'टेस्टिंगमध्ये ओके' असं लिहून तो परत जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा येतो. शेतकरी म्हणतो, तुम्ही फसवता. सर्व्हिसवाला म्हणतो, शेतकऱ्याला वापरता येत नाही. बोर्ड भिजला होता तेव्हा त्याच्यावर काय घडलं, हे पाहायला तिथं कुणीच नसतं.

काय घडत असावं ते तुम्हाला पुस्तकातून माहीत आहेच. शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांमध्ये, ओल, त्यात विरघळलेले आयन आणि विजेचा दाब, ही तीन एकत्र आली की पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळतो, ओलीतून निगेटिव्हकडं जातो आणि तिथं पुन्हा धातू होऊन साचतो. साचताना त्याचं झाड होतं. आमच्याकडं नव्या पोरांना हे शिकवताना मी फळ्यावर लिहीत नाही. मायक्रोस्कोपखाली बोर्डाचा तुकडा ठेवते, दोन पॅडना नऊ व्होल्टची बॅटरी जोडते आणि मधे नळाच्या पाण्याचा एक थेंब सोडते. आधी बारीक बुडबुडे येतात. मग निगेटिव्ह पॅडच्या कडेला राखाडी कुसळं फुटतात, कुसळाला फांदी, फांदीला फांदी, आणि ती झुडपं डोळ्यांदेखत समोरच्या पॅडकडं सरकतात. त्यातली एखादी फांदी पलीकडं टेकली की शॉर्ट. फांदी एवढी नाजूक की त्याच करंटनं ती जळूनही जाते. थेंब टिपून घेतला की पॅडवर जेमतेम एक डाग उरतो. कापडानं पुसला की तोही नाही.

बोर्डाचं 'टेस्टिंगमध्ये ओके' येतं ते त्यामुळं. दुसऱ्या बैठकीत याचा व्हिडिओ मी फोनवर दाखवायला काढला होता. तुम्ही म्हणालात, 'हे आम्हाला माहीत आहे, पुढं चला.'

सर, मॅडम, माहीत तर मलाही आहे. माहीत नाही ते पुढचं आहे. आमच्या आणि आमच्यासारख्या शेकडो छोट्या युनिटमध्ये 'नो-क्लीन' फ्लक्स वापरतात. फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन. नावाप्रमाणं तो धुवायचा नसतो. मशीनवर सोल्डरिंग होताना त्याला पुरेशी उष्णता मिळते, त्यातली सौम्य आम्लं बरीचशी उडून किंवा मोडून जातात, आणि उरतं ते थरात बंद होऊन बसतं, असं गृहीत आहे. पण टच-अपच्या टेबलावर बाई हातानं फ्लक्स लावते, सोल्डरिंगची इस्त्री टेकते दोन सेकंद भागाच्या एका पायावर, आणि फ्लक्स पसरलेला असतो बोटभर. त्या बोटभरातल्या बऱ्याच भागाला उष्णता लागतच नाही. त्यावर मग ब्रशनं कोटिंग मारतात. कोटिंग ओल आत येऊ देत नाही, असं आपण म्हणतो, पण ते ओल थांबवत नाही, उशीर करतं. आणि आत गेलेली ओल बाहेर पडायलाही तेवढाच उशीर करतं. खाली न तापलेला फ्लक्स आहे. वर कोटिंग. बोर्ड शेतातल्या पत्र्याच्या पेटीत. शेतीची वीज पाळीनं येते, म्हणजे बोर्ड तासन् तास थंड पडून असतो, पहाटे त्यावर दव धरतं आणि नेमक्या त्या ओल्या अवस्थेत लाइन येते.

अशा बोर्डाचं इन्सुलेशन, म्हणजे एका ट्रॅकमधली वीज दुसऱ्यात न जाऊ देण्याची ताकद, किती दिवस टिकतं? धुऊन कोटिंग केलं तर किती, न धुता केलं तर किती, आणि न धुता, कोटिंगही न करता तसंच सोडलं तर किती? तिसरी शक्यता दुसरीपेक्षा बरी निघेल, अशी मला शंका आहे. तसं निघालं तर आम्ही सगळे पैसे खर्चून बोर्ड बिघडवत आहोत, असा त्याचा अर्थ होईल. माझा विषय हा एवढाच आहे.

आता कबुली. पहिल्या खेपेला मी आणलेला विषय वाईट होता. 'भारतीय हवामानात पीसीबीची विश्वासार्हता' असलं काहीतरी त्याचं शीर्षक होतं. त्यात गंज होता, सोल्डरचे सांधे होते, लॅमिनेटच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ पाटीच्या, काचधाग्यांलगत वाढणारे तांब्याचे तंतू होते, सगळंच होतं. तो तुम्ही परत केलात ते बरोबर केलंत. त्या बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं होतं, 'त्या पेटीच्या आत आर्द्रता किती असते, मोजलीत का कधी?' मोजली नव्हती. त्या एका प्रश्नानं मी घरी येऊन निम्मा सिनॉप्सिस फाडला. त्या पावसाळ्यात भावाच्या पेटीत आर्द्रता आणि तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं, आणि त्या आकड्यांवरून दुसरा सिनॉप्सिस लिहिला. विषय निवडणं ते असं असावं. पण ते सर पुढच्या दोन बैठकांना नव्हते, आणि पेटीतले आकडे कुणी पाहिलेच नाहीत.

गाऱ्हाणी क्रमानं मांडते.

पहिलं, 'नावीन्य नाही' याला कारण जोडलेलं नाही. कुणी हेच काम आधी केलं असेल तर मला त्याचं नाव सांगा, मी ते वाचीन आणि विषय सोडीन. तोंडी एवढंच ऐकलं की 'हे सगळं परदेशात होऊन गेलंय.' झालंय, मी वाचलंय. पण तिथल्या नेहमीच्या चाचणीत बोर्ड ४० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत ठेवतात, विजेचा दाब सतत लावलेला असतो आणि दव धरू द्यायचं नसतं. आमच्या पेटीत नेमकं दव धरतं आणि दाब सतत नसतो. २०१३ मध्ये बातम्या आल्या होत्या की भारतातून आणि चीनमधून परत आलेल्या मदरबोर्डांवरचं तांबं हवेतल्या गंधकानं गंजलेलं इंटेलच्या इंजिनिअरांना दिसलं, आणि त्यांनी इथल्यासारखी हवा प्रयोगशाळेत तयार करून अभ्यास सुरू केला. इथली हवा त्यांच्या संशोधनाचा विषय होते, आणि मला तिच्यात नावीन्य नाही म्हणून परत पाठवतात!

दुसरं गाऱ्हाणं मोठं आहे. विषय बदलून काय आणावं, याची सूचना मात्र मला तिन्ही वेळा मिळाली, आणि तिन्ही वेळा एकच : 'यात एआय घाला. एआय वापरून पीसीबीतले दोष ओळखणं, असं काहीतरी करा. लवकर होईल, पेपरही पटकन लागतील.'

सल्ला आपुलकीनं दिलेला होता, हे मी जाणते. पण या विषयावरचे ढीगभर पेपर कशावर उभे आहेत ते एकदा बघूया. त्यातले बरेचसे पेकिंग विद्यापीठातून आलेल्या एका खुल्या संग्रहावर आहेत. त्यात १३८६ छायाचित्रं आणि सहा प्रकारचे दोष आहेत : भोक नसणं, माऊस बाइट (ट्रॅकची कुरतडल्यासारखी कड), ट्रॅक तुटणं, शॉर्ट, ट्रॅकला फुटलेला काटा आणि नको तिथं उरलेलं तांबं. हे दोष कारखान्यात घडलेले नाहीत. मोजक्या बोर्डांची छायाचित्रं घेऊन ते कॉम्प्युटरवर काढलेले आहेत. संग्रह करणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही, पद्धत तपासायला त्यांना तेवढं पुरेसं होतं. पण नव्या मॉडेलनं त्याच १३८६ छायाचित्रांवर अर्धा टक्का जास्त अचूकता मिळवली, यात नावीन्य आहे आणि सांगलीच्या शेतातल्या पेटीत नाही, हे मला पटत नाही.

आणि हे सहाच्या सहा दोष आमच्या शॉप फ्लोअरवर रोज पकडले जातात. ऑप्टिकल तपासणीचं मशीन मूळ डिझाइनच्या फाइलशी बोर्ड ताडून बघतं. त्यातून सुटलेला शॉर्ट किंवा तुटका ट्रॅक फ्लाइंग प्रोबवर, म्हणजे सुया टेकवून वीज तपासणाऱ्या मशीनवर, सापडतो. मशीनच्या खोट्या हाका, म्हणजे चांगल्या बोर्डाला दोषी ठरवणं, कमी करायला एआय उपयोगी पडतं, ते काम कुणी खरंच कारखान्यातल्या बोर्डांवर करत असेल तर मी त्याला बोर्ड देईन. माझा दोष मात्र कॅमेऱ्याला दिसतच नाही. तो जळून गेलेला असतो.

तिसरं, समितीत पाचजण होते : कम्युनिकेशन, इमेज प्रोसेसिंग, व्हीएलएसआय (चिप डिझाइन), कॉम्प्युटर आणि प्रशासनाचे एक प्रतिनिधी. सगळे आपापल्या विषयात मोठे. पण प्लेटिंगची टाकी किंवा सोल्डर मास्कचा ओव्हन जवळून पाहिलेलं कुणी नव्हतं. मी 'इन्सुलेशन रेझिस्टन्स' म्हटलं तेव्हा एका सदस्यांनी 'हे तर इलेक्ट्रिकलचं' म्हटलं. दुसऱ्यांनी 'हे केमिस्ट्रीचं.' मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं. पीसीबी म्हणजे काचेचं कापड, इपॉक्सी, तांबं, कथील, आम्ल आणि वीज यांचा एकत्र संसार. तो कुठल्याच एका विभागाचा नाही, त्यामुळं तो कुणाचाच नाही.

चौथं, 'आपल्याकडं उपकरणं नाहीत' हा मुद्दा. मोठा क्लायमॅटिक चेंबर विद्यापीठात नाही, खरं आहे. पीसीबी लॅब म्हणून जी खोली आहे तिथं फेरिक क्लोराइडचा टब, एक यूव्ही पेटी आणि एक ड्रिल आहे. पण आर्द्रता ठरावीक ठेवायला चेंबरच लागतो असं कुठं आहे? बंद भांड्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की नेहमीच्या तापमानाला आतली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. पोटॅशियम सल्फेटचं ठेवलं तर ९७ च्या आसपास. हे शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे. मी घरच्या लोणच्याच्या दोन बरण्यांत करून पाहिलं, झाकणातून वायरी काढून. सासूबाईंनी त्या बरण्या आता माझ्या नावावर सोडल्या आहेत. प्रबंधाला बरण्या चालणार नाहीत, चेंबर लागेलच, हे मलाही कळतं. तो आमच्या युनिटकडं आहे आणि वापरायला मालकांचं लेखी संमतिपत्र सिनॉप्सिसला जोडलेलं होतं. पान ११.

पाचवं गाऱ्हाणं वेळेचं. तुमची बैठक सहा महिन्यांनी होते, कधी आठ. तीन खेपांत माझे १९ महिने गेले. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणं प्रवेशापासून सहा वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. बाई म्हणून पुढं आणखी सवलत मिळू शकते, पण ती बाळंतपणासाठी, घरच्या आजारपणासाठी असावी. समितीची तारीख ठरत नाही म्हणून मला ती खर्चायची नाही.

माझ्या गाइडांबद्दल इथं काही लिहीत नाही. त्यांना याच समितीसमोर आणखी चारजणांचे सिनॉप्सिस न्यायचे आहेत.

एक गोष्ट मात्र तुमच्यापुढं ठेवते. २८ मार्च २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं इलेक्ट्रॉनिक घटकांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. मल्टीलेअर बोर्ड, फ्लेक्सिबल बोर्ड, बोर्डाचं लॅमिनेट, सगळं त्यात आहे. म्हणजे जे लॅमिनेट आपण आजवर बाहेरून आणत आलो ते इथं बनवायचा विचार सुरू आहे. ते इथल्या पावसात कसं वागतं, हे सांगणारी माणसं कुठून येणार? आमच्याकडं नोकरीला येणाऱ्या एम.ई. झालेल्या मुलांना मी एकच प्रश्न विचारते, एक औंस तांबं म्हणजे किती जाडी? ३५ मायक्रॉन हे उत्तर दहांत दोघं देतात. त्या मुलांची यात चूक नाही. प्रोजेक्टचा विषय त्यांना यादीतून मिळाला, आणि काहींना तर प्रोजेक्टच तयार मिळाला. बाजारात मिळतो, तुम्हालाही ठाऊक आहे.

आता मागण्या.

विषय नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या, निदान अर्धं पान. यूजीसीच्या त्याच नियमांत सल्लागार समितीनं विद्यार्थ्याचा प्रस्ताव तपासून विषय निश्चित करावा, असं म्हटलं आहे, आणि प्रगती समाधानकारक नसेल तर कारणं नोंदवून उपाय सुचवावेत, असंही. वाईट प्रगतीला कारण मिळतं, तर न सुरू झालेल्या कामाला का नाही? 'नावीन्य नाही' म्हणायचं असेल तर आधी झालेल्या एका तरी कामाचा उल्लेख त्या अर्ध्या पानात असावा.

ज्या विषयाचा सिनॉप्सिस समोर आहे त्या विषयातला एक माणूस बाहेरून बोलवा. पुण्यात पाषाण रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवरच काम करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. उद्योगातली निवृत्त माणसं आहेत, त्यातली बरीचशी नुसत्या चहावर येतील. नियम दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी देतात. ती सोय कागदावरून खाली उतरवा.

कुठली पद्धत वापरायची ते प्रश्नावरून ठरू द्या. एआय लागेल तिथं मी वापरीन, पण शीर्षकात ते नाही म्हणून फाइल परत करू नका.

मान्य झालेले सिनॉप्सिस शोधगंगोत्रीवर, म्हणजे ते सगळ्यांना पाहता येतात त्या संकेतस्थळावर, वेळेवर चढवा. नाकारलेल्यांची, विद्यार्थ्याचं नाव न देता, विषय आणि कारण अशी साधी यादी विभागाच्या फलकावर लावा. पुढच्या मुलाला तीच ठेच पुन्हा लागणार नाही.

आणि बैठकीची तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा. परीक्षेची करता तशी.

या पत्रासोबत चौथ्या खेपेचा सिनॉप्सिस पाच प्रतींत विभागाच्या कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. विषय तोच आहे. शीर्षकातला एक शब्द बदलला आहे : 'विश्वासार्हता' काढून 'इन्सुलेशन' घातलं, कारण मोजणार आहे ते इन्सुलेशन. भावाच्या पेटीतले आकडे परिशिष्टात आहेत. या जूनपासून आणखी तीन शेतकऱ्यांच्या पेटीत नोंदणीची यंत्रं बसवते आहे. सिनॉप्सिस मंजूर होवो न होवो, पाऊस तर तुमच्या बैठकीसाठी थांबणार नाही.

आपली,
एक अर्धवेळ संशोधक विद्यार्थिनी
भोसरी, पुणे